‘अज्ञात कारण’ कोणाच्या सोयीचे?

निकाराग्वाच्या पॅसिफिक किनारपट्टीवरील चिचिगाल्पा या गावी एखादा ऊसतोड कामगार खंगू लागला, म्हणजे शेजारीपाजारी त्याच्या रोगाचे नाव घेत नाहीत. ‘त्याला क्रिएटिनिन आहे,’ एवढेच म्हणतात. वस्तुतः क्रिएटिनिन हा रोग नव्हे. स्नायूंच्या नित्य व्यवहारातून रक्तात उतरणारे आणि मूत्रपिंडांनी गाळून बाहेर टाकावयाचे ते एक टाकाऊ द्रव्य आहे. गाळणी निकामी होऊ लागली की रक्तातील त्याचे प्रमाण वाढते, म्हणून डॉक्टर ते मोजतात. प्रयोगशाळेतील एक आकडा खेडुतांच्या बोलीत रोगाचे नाव होऊन बसावा, हा काही योगायोग नव्हे. साखर कारखान्याचा हंगाम सुरू होण्यापूर्वी कामगारांचे रक्त तपासले जाते आणि आकडा ठराविक मर्यादेपलीकडे गेलेला असल्यास त्या माणसाला कामावर घेतले जात नाही. आपल्या रोगाची पहिली वार्ता कामगाराला दवाखान्यात नव्हे, तर भरतीच्या रांगेत कळते, आणि त्याच क्षणी तो बेकारही झालेला असतो. गावाजवळच्या ला इस्ला या वस्तीला लोक ‘विधवांचे बेट’ म्हणू लागले ते या रोगामुळेच.

मध्य अमेरिकेच्या ऊसपट्ट्यांत दोन दशकांत किमान 20,000 माणसे या रोगाने दगावली, असा अंदाज वारंवार दिला गेला आहे. दगावणारे बहुतांशी ऐन उमेदीतील पुरुष, आणि त्यांपैकी बहुतेकांना ना मधुमेह, ना दीर्घकाळचा उच्च रक्तदाब. जगातील वैद्यकीय ग्रंथांनी मूत्रपिंड निकामी होण्याची जी दोन प्रमुख कारणे शिकविली, ती दोन्ही येथे गैरहजर. 2002 साली एल साल्वाडोरच्या राजधानीतील रोसालेस राष्ट्रीय रुग्णालयाच्या डॉक्टरांनी आपल्याकडे अखेरच्या अवस्थेत दाखल होणाऱ्या मूत्रपिंडरुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा सुमारे दोन-तृतीयांश रुग्णांच्या बाबतीत कोणतेही ज्ञात कारण सापडत नाही, असे आढळले. हे रुग्ण कोठून येत होते? किनाऱ्यालगतच्या आणि लेंपा नदीकाठच्या शेतमजुरांच्या वस्त्यांतून.

या रोगाचे स्वरूपही फसवे आहे. मधुमेहाने मूत्रपिंड बिघडते तेव्हा लघवीतून प्रथिने वाहू लागतात आणि साध्या चाचणीने ती दिसतात. येथे हानी मुख्यतः होते ती मूत्रनलिकांची आणि त्यांच्या भोवतालच्या ऊतींची. एल साल्वाडोरमधील 8 पुरुषांच्या मूत्रपिंडांचे सूक्ष्म तुकडे तपासून 2013 साली स्वीडनमधील संशोधकांनी हे दाखविले. नलिकांभोवती व्रणाचे तंतू माजलेले, गाळणीचे पुंजके कोमेजलेले, रक्तातील पोटॅशियम घटलेले. परंतु लघवीतील प्रथिने अल्प आणि रक्तदाब जवळपास नेहमीचा. त्यामुळे माणूस वर्षानुवर्षे कोयता चालवीत राहतो आणि दवाखान्यात येतो तो रक्तक्षय, हाडांचा ठिसूळपणा, फुप्फुसांत साचलेले पाणी व थकलेले हृदय घेऊन. अशा वेळी डायलिसिसवाचून मार्ग उरत नाही, आणि ते खेड्यापासून कोसगणती दूर असते.

या रोगाच्या नावाचाही एक इतिहास आहे. इंग्रजी शास्त्रीय साहित्यात तो ‘अज्ञातहेतुक दीर्घकालीन मूत्रपिंडविकार’ म्हणून वावरतो. स्पॅनिश दस्तऐवजांत त्याला ‘अपारंपरिक कारणांनी होणारा’ म्हटले जाते. काही विद्वानांनी तर भूगोलाचाच आसरा घेऊन ‘मेसोअमेरिकन नेफ्रोपॅथी’ असे नाव दिले. तीन नावांत तीन वृत्ती आहेत. ‘अपारंपरिक’ म्हणणारा निदान एवढे कबूल करतो की कारण आहे आणि ते ग्रंथांबाहेर शोधावयाचे आहे. ‘अज्ञात’ हा शब्द शास्त्रज्ञाच्या तोंडी प्रामाणिक असेलही. परंतु तोच शब्द कारखान्याच्या वकिलाच्या हाती पडला की त्याचा अर्थ पालटतो. कारण अज्ञात असेल तर दोष कोणाचाच नाही, आणि दोष नसेल तर नुकसानभरपाईचा प्रश्नच उद्भवत नाही!

म्हणून या रोगावरील संशोधनाकडे पाहताना निष्कर्षांइतकेच, प्रश्न कोणी विचारला आणि पैसा कोणी दिला, याकडेही पाहावे लागते. एल साल्वाडोरमध्ये 2009 साली फाराबुंदो मार्ती राष्ट्रीय मुक्ती आघाडी सत्तेवर आली. त्याच वर्षी बाहो लेंपा या खोऱ्यात डॉ. कार्लोस ओरांतेस आणि क्यूबाचे मूत्रपिंडतज्ज्ञ डॉ. रौल एरेरा यांच्या पथकाने प्रौढांची पाहणी केली. रुग्ण रुग्णालयात येण्याची वाट न पाहता डॉक्टर वस्तीत गेले, हा पद्धतीतील फरक क्षुल्लक नव्हे. 775 जणांच्या तपासणीत 17.9 टक्के लोकांना दीर्घकालीन मूत्रपिंडविकार आढळला. पुरुषांत हे प्रमाण 25.7 टक्के होते, म्हणजे दर चौथा पुरुष. रोसालेसच्या खाटांवर जे दिसत होते ते पाण्यावर तरंगणाऱ्या शेवाळाएवढे होते. तळ्याचा ठाव या पाहणीने घेतला. आरोग्यमंत्री मारिया इसाबेल रॉड्रिगेझ यांनी हा विषय लावून धरला आणि 2013 साली अखिल अमेरिकी आरोग्य संघटनेने मध्य अमेरिकेतील शेतीवस्त्यांमधील हा रोग गंभीर सार्वजनिक आरोग्यप्रश्न असल्याचे मान्य केले. एका दरिद्री देशाच्या सरकारने आणि नाकेबंदीत सापडलेल्या क्यूबाच्या डॉक्टरांनी जे केले, ते करण्यास धनाढ्य राष्ट्रांच्या संस्थांना दशक अपुरे पडले होते.

निकाराग्वात वाट वेगळी होती. चिचिगाल्पाचा सान अंतोनियो कारखाना हा पेयास घराण्याच्या उद्योगसमूहाचा. 2006 साली जागतिक बँक समूहातील आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाने त्याच्या मालक कंपनीला साडेपाच कोटी डॉलरचे कर्ज दिले. आजारी माजी कामगार आणि विधवा संघटित झाल्या आणि 2008 साली त्यांनी याच बँक समूहाच्या तक्रार कार्यालयाकडे दाद मागितली. कर्ज देणाऱ्याच्याच दारात फिर्याद न्यावी लागावी, यातच पुष्कळ काही आले. त्या वाटाघाटींतून बोस्टन विद्यापीठाच्या पथकाकडे संशोधन सोपविले गेले. आपल्या कामाच्या पद्धतीमुळे रोग होतो, हे कंपनीने अमान्य केले होते. बोस्टनच्या संशोधकांनी एका हंगामाच्या आरंभी व अखेरीस 284 कामगारांचे रक्त व लघवी तपासली. हे सर्वजण भरतीच्या चाचणीत ‘निरोगी’ ठरलेले होते. बेणे तोडणारे, पाणी देणारे व ऊस तोडणारे यांच्या मूत्रपिंडांची कार्यक्षमता कारखान्याच्या इमारतीत काम करणाऱ्यांच्या तुलनेत हंगामाभरात अधिक खालावल्याचे 2015 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसून आले. मालक तोच, गाव तेच, पिण्याचे पाणीही बहुधा तेच. फरक काय तो उन्हाचा आणि श्रमाचा.

कीटकनाशके, जड धातू, वेदनाशामक गोळ्या, उंदरांपासून होणारे संसर्ग अशी अनेक कारणे पुढे मांडली गेली, आणि ती सर्वस्वी निकालात निघालेली नाहीत. डॉ. एरेरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतीतील विषारी रसायनांवर भर दिला होता आणि तो विचार झटकून टाकण्याजोगा नाही. तथापि 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एल साल्वाडोरमधीलच एका अभ्यासाची येथे आठवण ठेवली पाहिजे. समुद्रसपाटीलगतच्या ऊसवस्त्यांत वाढलेले क्रिएटिनिन सर्रास आढळले; 500 मीटर उंचीवरच्या, हवा सौम्य असलेल्या ऊसवस्तीत ते बरेच कमी. पीक एक, परंतु ऊन वेगळे. डेन्व्हर येथील रिचर्ड जॉन्सन यांच्या गटाने 2014 साली उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. उष्णतेत ठेवलेल्या ज्या उंदरांना दिवसभर पाणी मिळाले त्यांची मूत्रपिंडे शाबूत राहिली; ज्यांना दिवसा कोरडे ठेवून रात्री पाणी दिले त्यांच्या मूत्रनलिकांना इजा झाली. शरीर कोरडे पडले की मूत्रपिंडात एका विशिष्ट रासायनिक मार्गाने फळसाखर तयार होते आणि तिचे विघटन होताना नलिकांचा दाह होतो, असे या गटाचे प्रतिपादन. ज्या उंदरांत हे विघटन करणारे विकर नव्हते, ते बचावले. दिवसभर तहान दाबून संध्याकाळी घरी भरपूर पाणी प्यायले म्हणजे भरपाई होते, ही समजूत शेतमजुरांत सर्वत्र आढळते. ती किती घातक असू शकते याचा हा प्रायोगिक इशारा आहे.

परंतु मजूर तहान का दाबतो? येथे वैद्यकशास्त्र थांबते आणि अर्थशास्त्र सुरू होते. मजुरी टनावर आहे. पाणी पिण्यास थांबणे म्हणजे टन कमी भरणे; सावलीत दहा मिनिटे टेकणे म्हणजे रात्रीच्या भाकरीतून तुकडा काढून देणे. मार्क्सने कामाच्या दिवसाच्या लांबीविषयी लिहिताना जे विशद केले, तेच येथे मूत्रनलिकेच्या पेशीत घडताना दिसते. कामगार आपली श्रमशक्ती दिवसाच्या हिशेबाने विकतो आणि भांडवल तिचा उपभोग आयुष्याच्या हिशेबाने घेते. आश्चर्य याचे की शेकडो शोधनिबंधांत तापमान, आर्द्रता, युरिक आम्ल, प्याले मोजून घेतलेले पाणी या सर्वांचे रकाने असतात. मजुरीच्या दराचा रकाना क्वचितच आढळतो.

आता दुसरे चित्र पाहावे. मूत्रपिंडविकाराच्या उपचारांत गेल्या काही वर्षांत खरोखरीच मोठी प्रगती झाली आहे. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या गोळ्यांनी मूत्रपिंडाचा ऱ्हास मंदावतो आणि हृदयविकारासारख्या गुंतागुंती कमी होतात, हे औषधकंपन्यांच्या पैशावर झालेल्या अवाढव्य चाचण्यांनी सिद्ध केले. 2019 सालच्या क्रेडेन्स चाचणीत 4,401 रुग्ण होते, 2020 सालच्या डापा-सीकेडी चाचणीत 4,304. ही औषधे उपयुक्त आहेत. त्यांपैकी डापाग्लिफ्लोझिनचे पेटंट 2020 साली भारतात संपल्यावर अनेक देशी कंपन्यांनी ते स्वस्तात बाजारात आणले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण या दोन्ही चाचण्यांत प्रवेशाची अट काय होती? लघवीत अल्ब्युमिन हे प्रथिन ठराविक प्रमाणाहून अधिक असले पाहिजे. म्हणजे ज्याच्या लघवीत प्रथिने उतरतच नाहीत तो ऊसतोड्या दारातच अडला. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या एम्पा-किडनी चाचणीने 6,609 रुग्ण घेताना ही अट काहीशी सैल केली खरी. परंतु घामाने आधीच सुकलेल्या शरीरातून लघवीवाटे आणखी पाणी काढणारे औषध उन्हात राबणाऱ्या माणसाला कितपत मानवेल, हा प्रश्न त्या चाचण्यांच्या कक्षेत नव्हता. यात कोणा संशोधकाचा दुष्ट हेतू शोधण्याचे कारण नाही. जेथे ग्राहक आहे तेथे चाचणी होते. हजारो रुग्णांची, अनेक देशांत पसरलेली चाचणी गोळीसाठी होते. सावलीसाठी होत नाही, कारण सावलीचे पेटंट निघत नाही.

सावलीची चाचणी झाली ती छोटी आणि उशिरा. एल साल्वाडोरमधील एका कारखान्यात 2014-15 च्या हंगामात कामगारांना पाठीवर वाहून नेण्याच्या पाण्याच्या पिशव्या, हलविता येण्याजोग्या तंबूची सावली, ठरावीक विश्रांती आणि सुधारित कोयता देण्यात आला. निर्जलीकरणाची लक्षणे घटली. दर माणशी रोजची तोड 5.1 टनांवरून 7.3 टनांपर्यंत चढली. पुढे चिचिगाल्पाच्या कारखान्यातच 2017 नंतर विश्रांती, सावली व पाणी यांचा कार्यक्रम राबविला गेला आणि जाळलेला ऊस तोडणाऱ्यांत दुसऱ्या हंगामात मूत्रपिंडाला होणारी नवी इजा कमी झाल्याचे 2020 साली प्रसिद्ध झाले. या निष्कर्षांचे मोल मोठे आहे. तथापि ‘टनही वाढले’ हा युक्तिवाद जपून वापरला पाहिजे. मालकाला पटविण्यासाठी तो सोयीचा असला, तरी उद्या एखाद्या फडात विश्रांतीने टन वाढले नाहीत, तर कामगाराची मूत्रपिंडे पुन्हा तोट्याच्या रकान्यात जातील काय? पाणी पिण्याचा हक्क उत्पादकतेच्या आलेखावर टांगून ठेवता येत नाही.

रक्तचाचणीचेही असेच दुधारी आहे. वेळेवर केलेली तपासणी रोग्याला वाचवू शकते. तीच तपासणी नुसत्या भरतीच्या चाळणीसाठी वापरली की ती रोग्याला कारखान्याच्या हिशेबातून पुसून टाकते. नाकारलेला माणूस मग ठेकेदाराकडे, कधी दुसऱ्याच्या नावाने, त्याच उन्हात अधिक वाईट अटींवर राबतो, असे प्रकार मध्य अमेरिकेत नोंदले गेले आहेत. आणि आंदोलन केले तर? जानेवारी 2014 मध्ये चिचिगाल्पात आजारी माजी कामगारांच्या निदर्शनांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि एकजण ठार झाला. त्या वेळी देशात सरकार सांदिनिस्तांचे होते. 1979 च्या क्रांतीवर ज्यांनी जीव ओवाळला त्यांना हे वाचताना वेदना होतील. परंतु वेदना होतात म्हणून घटना झाकावयाची नसते. सत्तेवर कोण आहे, एवढ्याने ऊसतोड्याचे रक्षण होत नाही. फडावर त्याची संघटना आहे की नाही, हेही पाहावे लागते.

कारण कायमचे अज्ञात राहते, असेही नाही. डॅन्यूब व तिच्या उपनद्यांच्या काठी बल्गेरिया, युगोस्लाव्हिया, रुमानिया येथील शेतकऱ्यांत 1950 च्या दशकात असाच गूढ मूत्रपिंडविकार नोंदला गेला. गव्हात मिसळणाऱ्या एका विषारी तणाच्या बियांकडे 1969 सालीच एका युगोस्लाव्ह शास्त्रज्ञाने बोट दाखविले होते; त्याला भक्कम पुरावा मिळाला 2007 साली. मधल्या अडतीस वर्षांत लोक तीच भाकरी खात होते.

आपल्या देशात हा प्रश्न परका नाही, मात्र एकच सूत्र सगळीकडे लावण्याचा मोह आवरला पाहिजे. श्रीकाकुलम जिल्ह्यातील उद्दानम हा नारळी-काजूच्या बागांचा प्रदेश. तेथे स्त्रियाही मोठ्या प्रमाणात आजारी आहेत आणि पिण्याच्या पाण्यावरील संशय अजून फिटलेला नाही. अनेक वर्षांच्या आंदोलनांनंतर 2023 च्या अखेरीस पलासा येथे 200 खाटांचे रुग्णालय व संशोधन केंद्र उघडले गेले आणि पाण्याची योजनाही आली. श्रीलंकेच्या उत्तर-मध्य प्रांतात भातशेतकऱ्यांत हाच रोग 1990 च्या दशकापासून आहे. तेथे वादाचा भर कीटकनाशके व भूजल यांवर राहिला. तामिळनाडूच्या मिठागरांतील कामगारांवर चेन्नईच्या श्री रामचंद्र संस्थेतील संशोधकांनी केलेल्या अभ्यासात मात्र उष्णता, अपुरे पाणी आणि मूत्रपिंडांची मंदावलेली गती यांची सांगड पुन्हा दिसते.

आणि महाराष्ट्रातील ऊसतोड? बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतून लाखो माणसे दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत फडावर असतात. हंगामाचा पूर्वार्ध थंडीचा असल्याने निकाराग्वाशी तंतोतंत तुलना होणार नाही. पण उत्तरार्धातले ऊन, टनावरची मजुरी, मुकादमाची उचल, नवरा-बायको मिळून एक कोयता धरण्याची रीत आणि एक दिवस चुकला तरी ‘खाडा’ म्हणून होणारी कपात, ही सारी यंत्रणा शरीराला थांबू न देण्यासाठीच रचलेली आहे. खोपीजवळ संडास नसल्याने बाया दिवसभर पाणी टाळतात. त्यातून मूत्रमार्गाचे संसर्ग होतात आणि वारंवार झाल्यास ते वर मूत्रपिंडांपर्यंत पोहोचतात. 2019 साली बीड जिल्ह्यात झालेल्या सरकारी पाहणीत 82,309 ऊसतोड स्त्रियांपैकी 13,861 जणींची गर्भाशये काढल्याचे उघड झाले, तेव्हा साऱ्या राज्याला धक्का बसला. गर्भाशयांची गणती झाली ती बोभाटा झाल्यावर. मूत्रपिंडांची गणती अशा व्यापक प्रमाणावर अद्याप व्हावयाची आहे. भारतीय कायद्यातील व्यावसायिक रोगांच्या यादीतही उष्णता व निर्जलीकरणाने होणाऱ्या मूत्रपिंडविकाराचा स्वतंत्र उल्लेख नाही. कामगार मेला तर तो ‘किडनीच्या आजाराने’ मेला, कामाने नव्हे!

ऊसतोड कामगार, वीटभट्टी कामगार, मिठागर कामगार यांच्यात काम करणाऱ्या संघटनांनी हा विषय डॉक्टरांवर सोपवून स्वस्थ बसू नये. पहिली मागणी अगदी साधी आहे. प्रत्येक कामगाराचे क्रिएटिनिन हंगामाच्या आरंभी व अखेरीस सरकारी खर्चाने मोजले जावे. मध्य अमेरिकेचा धडा लक्षात घेता तपासणीचा कागद कामगाराच्या हाती पडावा, मुकादमाच्या किंवा शेतकी अधिकाऱ्याच्या नव्हे. आणि आकडा वाढलेला निघाल्यास त्याला फडावरून हाकलून न देता हलके काम व मजुरी चालू ठेवण्याची हमी करारात लिहून घ्यावी. तासागणिक सावलीतील विश्रांती दरात धरली जावी, म्हणजे ती घेण्यासाठी कोणाला टन गमवावे लागणार नाहीत. पाणी टँकरने फडाच्या कडेला यावे आणि बायांसाठी संडास खोपीपाशी असावा. आरंभीचे रक्त मुलखातच घ्यावे लागेल, म्हणजे ट्रॅक्टर आणि ट्रक गावांतून हलण्यापूर्वी, ग्रामीण रुग्णालयांत. आणि दसरा झाला की माणसे निघू लागतात.